झेंडा उंबरठ्यापर्यंत

मी, रेजिमेंटचा निवृत्त शिंपी, वय ऐंशीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ज्याला खात्री नसेल त्याने मला सुईत दोरा ओवायला सांगावे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट मुलगी म्हणते, ‘बाबा, इतक्यात कशाला?’ यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याचा विचारही नाही.

कलम पहिले. राहते घर, त्याखालचे दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावी. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती दुरुस्त करतो असे जावई लग्नापासून सांगत आला आहे, म्हणून ती पायरी मी त्याच्या नावे करतो.

कलम दुसरे. शिलाईची दोन्ही मशिने, कापायचे टेबल आणि मोठी कात्री आमच्याकडे बटणांची काजे करणाऱ्या बाईंना मिळावी. त्यांची काजे पाहून मला आजही बरे वाटते. दुकान त्यांना हवे तितकी वर्षे चालवू द्यावे. त्या कात्रीने कोणीही कागद कापायचा नाही, मुलीने तर मुळीच नाही.

कलम तिसरे. शेजारच्या घड्याळजींनी माझी काळी छत्री एका पावसात नेली, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. आता मागितली तर त्यांना वाईट वाटेल, आणि तिची एक काडी तशीही मोडकीच होती.

कलम चौथे, माझ्या अंत्यविधीविषयी. हे सर्वांनी नीट वाचावे, कारण घरात वाद झालाच तर यावरूनच होईल.

मी फौजेत होतो, त्यामुळे माझ्या शवपेटीवर झेंडा येणार. तो जरूर यावा. आयुष्यभर मी त्याच्या कडा शिवल्या, वाऱ्याने फाटलेली टोके सांधली. घरापासून चर्चच्या दारापर्यंत तो माझ्यावर असावा. उंबरठ्यावर मात्र तो मानाने काढावा, त्याची नीट घडी घालून मुलीच्या हाती द्यावा आणि पेटीवर चर्चची पांढरी चादर घालावी. बिगुल वाजवायचा तो बाहेर दफनभूमीत वाजवावा, हवा तेवढा वेळ. चर्चमध्ये बिगुल नको, सलामी नको, हुद्द्याचा उल्लेख नको.

असे का, ते सांगतो. पाठचा भाऊ तोफखान्यात होता. त्याला हळू बोलता येत नाही, म्हणून सगळे त्याला तोफखानाच म्हणतात. आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा तो सचिव. आधीचे फादर मऊ स्वभावाचे होते. त्यांच्याकडून याने परवानगी काढली आणि राष्ट्रीय दिनाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, झेंडे मिरवत वेदीपर्यंत नेले. मी पुढच्याच बाकावर होतो. कोट कडक इस्त्रीचा, छाती फुगलेली, खोटे का बोलू. मग फादरांनी पवित्र भाकर, म्हणजे आमच्या श्रद्धेने साक्षात देवच, उंचावली, आणि नेमक्या त्याच क्षणी बिगुल वाजला. सगळे चर्च गुडघ्यावर होते. आम्ही पुढच्या चार रांगांतले म्हातारे मात्र ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिलो. विचार करून कोणी उठले नाही, पाय आपोआप उठले. मागे गुडघे टेकलेल्या बायकांना वेदी दिसलीच नाही, दिसल्या त्या आमच्या पाठी. माझी बायको त्यांच्यातच होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “देव वर आला होता तेव्हा तुम्ही सलाम कुणाला ठोकत होतात?” तो कडक इस्त्रीचा कोट मी खुंटीला टांगला.

पुढे नवे फादर आले. ते म्हणाले, देशासाठी प्रार्थना दर रविवारी करू, मनापासून करू, पण झेंडे आणि तलवारी दाराबाहेर. तोफखाना भडकला. “हा देशाचा अपमान आहे,” तो म्हणाला. मी फादरांची बाजू घेतली. तेव्हापासून तो चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. दर रविवारी मला हाताला धरून दारापर्यंत सोडतो, स्वतः आवारातल्या बाकावर बसून खिडकीतून मिस्सा ऐकतो आणि संपल्यावर मला घरी आणतो. वाटेत आम्ही गुडघेदुखीवर बोलतो, महागाईवर बोलतो. या विषयावर नाही. भाऊ म्हणून त्याच्याइतका चांगला माणूस नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही नाही.

ती पांढरी चादर मी शिवलेली आहे. जन्मभर मी खांद्यांवर हुद्दे टाचले. कोणाच्या खांद्यावर किती पट्ट्या, यात चूक झाली तर माझी धडगत नसे. मग एकाच आठवड्यात दोन माणसे गेली. एक मोठा अधिकारी, ज्याचे सगळे गणवेश मी शिवले होते, आणि एक बाजारातला हमाल. दोघेही त्याच चादरीखाली त्याच जागी ठेवले गेले. बाकावरून पाहताना यात कोण आहे ते ओळखू येत नव्हते. मला फार बरे वाटले. पुढे बायकोही त्याच चादरीखाली होती. मलाही तीच हवी, एवढीच माझी मागणी आहे. माझी पेटी दारात ठेवलेली असताना माझा भाऊ आणि फादर माझ्या डोक्यावर भांडू नयेत, आणि भाऊ बाहेर बाकावर बसून राहू नये. आत बसलो की मला त्याची आठवण येते.

कलम पाचवे. माझा लोकरीचा फौजी ओव्हरकोट धाकट्या भावाला द्यावा. त्याचा त्यावर कधीपासून डोळा आहे.

पुरवणी. वरचे लिहून टेबलावर ठेवले होते. आज तोफखान्याने मला घरी आणले आणि मी आत कपडे बदलत असताना सगळे वाचून काढले. बाहेर आलो तर तो चष्मा पुसत होता.

“दादा, झेंडा दारात काढायचा म्हणतोस. काढणार कोण?”

“फादर काढतील.”

“त्यांना घडी घालता येते?”

“नसेल येत.”

“गोळा करून ठेवतील. टॉवेलासारखा.” त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “मी काढीन. साक्षीदार म्हणून सहीपण मीच करतो, म्हणजे उद्या मलाच नाही म्हणता यायचं नाही.”

मी ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मी त्याला म्हटले, “मग कोट सोडावा लागेल.”

“सोडला,” तो म्हणाला. “पेन दे.”

सबब कलम पाचवे रद्द. कोट मी आत्ताच, जिवंतपणी, माझ्या हाताने त्याच्या अंगात घातला आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही. बाह्या लांब होतात. त्या मी या आठवड्यात आत घेईन.

ठिकाण: माझे दुकान, कापायचे टेबल.
वार: रविवार, सकाळच्या मिस्सेनंतर.

मृत्युपत्र करणार: (सही) शिंपी

साक्षीदार पहिला: (सही) शेजारी, घड्याळजी. छत्री परत आणून दिली आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. सर्व वाचले. झेंड्याची घडी मी घालीन, पोरीच्या हातात देईन, चादरीचे एक टोक धरीन आणि दादाच्या मागोमाग आत येईन.