दुसरी फेक

नाना, काल मी पहिल्यांदा विमानात बसले. ऑफिसच्या कामाने दिल्लीला निघाले होते. ढगांच्या वर आल्यावर खिडकीबाहेर पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. पंखाचं टोक वर वळलेलं होतं, तुम्ही आपल्या बाल्साच्या हलक्या लाकडाच्या ग्लायडरला चिकटवलं होतं, अगदी तसं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "घाबरू नका मॅडम, पडत नाही." मी मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुम्ही नाशिक रोडच्या शाळेत विज्ञान शिकवत होता. पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा होतो, तो ग्लायडरला मागे ओढतो, टोक वर वळवलं की ती ओढ कमी होते, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, एवढ्याशा पंखाच्या पाठीवरून हवा सुटते, खरी ओढ तिथे आहे. तिथे नागमोडी काठाची पट्टी लावली की हवा पंखाला धरून राहते. ती पट्टी आपण दोघांनी आईच्या ब्लाउज शिवायच्या नागमोडी कात्रीने कापली. चिकटपट्टीचे थर कापून कात्री पार बोथट झाली. आई नुकतीच धार लावून गेलेल्या धारवाल्याच्या नावाने ओरडली, "मेल्याने वाट लावली!" आपण दोघं खाली बघून पट्टी चिकटवत बसलो. मग ठरलं, वळवलेल्या टोकांचं तुमचं आणि पट्टीचं माझं, अशी दोन ग्लायडर फेकून बघायची आणि जो हरेल त्याने आईला खरं सांगायचं. "इंजिनिअरबाई, काय सांगायचं ते पाठ करून ठेवा," तुम्ही म्हणालात.

रविवारी सकाळी आपण अंजनेरीजवळच्या माळावर गेलो. दोन्ही ग्लायडरची नाकं माती लावून सारख्या वजनाची केली होती. फेकायची दोन्ही एकाच हाताने, नाहीतर ती तुलना नव्हे, पोरखेळ, हा तुमचा नियम. वारा पडल्यावर तुम्ही तुमचं फेकता. ते सरळ, लांब जातं. मी धावत जाऊन ते पडलं तिथे दगड ठेवते आणि हात वर करते. तुम्ही खडकाला टेकून बसला आहात, माझं ग्लायडर मांडीवर. "नाना, टाका की! वारा पडलाय!" तुम्ही हलत नाही. "हरायची भीती वाटते का?" मी हसत ओरडते. हसतच जवळ येते. तुमचे डोळे उघडे होते. पंखावरची पट्टी जराही उचकटलेली नव्हती. आत्ता तर हाच हात फेकायला वर गेला होता आणि आता त्यात जीव नाही, हे मला तेव्हा कळेना आणि खरं सांगायचं तर अजूनही कळत नाही. विमानातसुद्धा मी तशीच बसून होते, त्या टोकाकडे बघत.

दोन्ही ग्लायडर कपाटावर आहेत. पुसताना कधी हातात घेते, पण फेकत नाही. पहिली फेक तुमच्या हातची होती.

धारवाला गल्लीत आला की आई अजून खिडकी लावून घेते. कोण हरलं ते ठरलंच नाही, म्हणून कात्रीचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही.