बाथरूमची कडी

३ जुलै
दादा बाथरूममध्ये पडले त्याला आज दोन महिने. ८१व्या वर्षी खुबा जुळला हेच खूप, डॉ. म्हणाले. तेव्हापासून आंघोळ मीच घालते. बाप भिंतीकडे बघतो, लेक बादलीकडे.
शाळेच्या ऑफिसातली माझी रजा पुन्हा वाढवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ऑफिसचं सगळं अडलंय हो." इथं मीही अडलेय.

५ जुलै
काशिनाथ मिस्त्री आले, पेठ तालुक्यातले. जुन्या शहाबादीवर अंगठा फिरवला. "ताई, ही फरशी नाय, साबण हाय." खडबडीत करड्या टाइल्स ठरवल्या. दादांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

७ जुलै
तोडफोड. दादा खुर्चीतून एकदाच, "मला विचारलं कुणी?" आणि पेपर तोंडासमोर. दुपारपर्यंत सगळी फरशी निघाली. धूळ डाळीतसुद्धा.

८ जुलै
मिस्त्री गावी गेले. "पाऊस लागलाय तिकडं, भाताची लावणी खोळंबली. चार दिसांत येतो." बाथरूम उकरलेलं तसंच. घरात एकच.
स्वयंपाकघरातल्या मोरीत स्टूल ठेवून दादांची आंघोळ. माझी त्यानंतर, दार लोटून, घाईघाईत. डोक्यावर पाणी घेतलं न घेतलं तोच हाक, "सुनंदा, कुठे आहेस?"
कुठे असणार.

१० जुलै
पुण्याहून धाकट्या भावाचा, विजूचा फोन. "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त." दर रविवारी हेच. म्हणावंसं वाटलं, ये आणि चार दिवस तू निर्धास्त नसून दाखव. म्हटलं, "हो रे, जेवलास का?"
दूध आणायला खाली उतरले. जेमतेम दहा मिनिटं. जिन्यात हाक ऐकू आली. शेजारच्या काकू दारात, "एकटे घाबरतात गं." मीही घाबरते. पण मी हाक मारायची तर कुणाला?

१३ जुलै
मिस्त्री आले, लावणीच्या चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी फुटलेल्या. टाइल्स बसल्या. बादलीभर पाणी ओतून जाळीकडचा उतार दाखवला. "उद्यापर्यंत पाय टाकायचा नाय."
दाराची आतली कडी काढून टाका म्हटलं. पुन्हा पडले तर दार फोडायला नको. दादा वॉकर आपटत आले.
"कडी राहू दे."
"दादा, पडलात तर?"
"पडेन. पण आंघोळ एकट्यानं करीन."
मिस्त्री हातात स्क्रूड्रायव्हर धरून दोघांकडे बघत राहिले. मग हळूच, "ताई, माझा बाप बी असाच हाय." कडी राहिली. मला इतका राग आला की जेवले नाही. राग कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

१५ जुलै
आज सकाळी दादा वॉकरवर स्वतः आत गेले. कडी लागली. मी दाराला कान लावून. तांब्या, पाणी, तांब्या. मग काहीच नाही.
"दादा?" उत्तर नाही. "दादा!"
"अगं साबण लावतोय! दाराशी उभी आहेस ना?"
दारापासून पाऊलभर मागे सरले.
"जा जरा बाहेर. मला वेळ लागणार आहे."
चपला घातल्या. जिना उतरताना कान मागेच. हाक आली नाही. फाटकाबाहेर उभी होते, एक रिक्षा थांबली. "कुठं जायचं, ताई?" भाजी, मेडिकल, दूध, एवढंच डोक्यात आलं, आणि आज यातलं काहीच आणायचं नव्हतं. वर बाथरूमच्या खिडकीकडे पाहिलं. पाण्याचा आवाज चालू होता.
"सांगते," म्हटलं, आणि बसले.