वाळवल्यावरचं वजन

१८ नोव्हेंबर
नोकरी लागली! भोरला एसटीतून खरं तर चहा प्यायला उतरलो होतो, जायचं होतं महाडला. टपरीवर टेम्पोवाला धनाजी भेटला, गप्पा लागल्या, एसटी गेली. आणि आता मी उत्रोलीजवळच्या चूर्णाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत. गोव्यातली सोडली तशी ही सोडायची नाही. बघू.

अश्विनी मॅडमनी काम दाखवलं. चूर्ण चाळायचं, नरसाळ्यातून ओतून ढीग कसा पसरतो ते बघायचं, चिमूट जिभेवर ठेवून थुंकायची. शिवाय वाटीभर चूर्ण तोलून भट्टीत वाळवायचं, परत तोलायचं. ओल उडते, वजन घटतं. घटलं नाही तर तुझं काहीतरी चुकलं, म्हणाल्या. सोपं आहे.

२१ नोव्हेंबर
धनाजीबरोबर वेल्ह्याच्या वर, बनाबाईंच्या वाडीवर गेलो, शतावरी आणायला. बाई शेरडं राखतात, मुळ्या खणतात. मुळ्या कापून घ्यायच्या, बुडखा त्याच खड्ड्यात परत लावायचा, माती दाबायची, वर तांब्यातलं पाणी. दर वेलाला हेच. एक वेल मलाही दिला खणायला. म्हणाल्या, "खड्डा मोकळा ठिवू नगं लेकरा. त्यो भरून घेतोच."

मी व्हय म्हणालो. पण राजगडाच्या अंगावरून ढगाची सावली सरकत होती, ती बघत बसलो. इकडं करडानं चपलेचा पट्टा खाल्ला. खालून धनाजी ओरडला, "ए भटक्या, चलतोस का ऱ्हातोस हितंच?" घाईत बुडख्यासकट सगळं पोत्यात कोंबलं, खड्डा तसाच उघडा.

६ डिसेंबर
ती शतावरी वाळवून दळून झाली. निवडताना मी मोबाईलमध्ये होतो, बुडखाही दळला गेला. वाटी भट्टीत ठेवली, काढली, तर वजन वाढलेलं. मॅडम हसल्या, भट्टी चालू केली होतीस ना? पुन्हा वाळवलं. अजून वाढलं.
सकाळपासून घसा कोरडा. थंडीचं होत असेल.

९ डिसेंबर
पाणी पितोय, पण कुठं पोचतच नाही. अंगाचा पांढरा भुगा पडतोय, शर्टात, अंथरुणात. पँटीला सुतळी बांधलीय. पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. मी जेवढा हलका होतोय, तेवढी ती वाटी जड—

मॅडमनी दवाखान्यात पाठवलं. सलाईनची बाटली संपली, हात सुरकुतलेलाच. आल्यावर चूर्ण चाखलं. खारट. घामासारखं.

११ डिसेंबर
आज वाटीतलं चूर्ण नरसाळ्यातून ओतलं. पसरलं नाही. उभं राहिलं. दोन्हीकडं खांदे, वर मान—

बनाबाईंना फोन केला. आधी शिव्या दिल्या. नेलंस ते सगळं आणून लाव म्हणाल्या. पण भट्टीच बिघडलीय म्हणत मॅडमनी ते पोतं परवाच मिश्रणात घातलंय. आवळा, गुळवेल, सुंठ, सगळं एक झालंय, कोणता कण कशाचा कोण वेगळं काढणार? माझ्याकडं ही वाटी तेवढी.
वाटीनं खड्डा भरायचा न्हाई, म्हणाल्या. मग हळूच, "मग तू ये."

१२ डिसेंबर
खड्डा. वीतभर खणला होता मी. आता कमरेएवढा.
वाटी ओतली. आवाजसुद्धा नाही.
पाय आत सोडून बसलोय. गार आहे. ओल आहे. उठता येईना—
बोटांचा भुगा पानावर— फुंकतो आणि लिहितो—
धनाजी टेम्पोपाशी. वर बघत नाही.
बनाबाई आल्या. रडतायत. हलू नगं म्हणतात. माती दाबतायत, गुडघ्यांभोवती, हळू, रोजच्या सवयीनं— आता तांब्या—
पाणी
पोचलं. पोचलं! अजून घाला बाई, अजू—