तीन पदार्थ राहिलेत

हिमायतनगर, हैदराबाद
१० फेब्रुवारी १९५७

प्रिय इंदू,

तू परभणीला गेल्यापासूनचं हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्हींना तुझं उत्तर नाही, म्हणून महिनाभर मी तुझ्यावर फुगून बसले होते. आता राग गेलाय, कारण रागवायला वेळच उरला नाही. आधी कामाचं सांगते. एक मार्चच्या आत तू इथं यायला हवंस. आठ दिवस प्रयोगशाळेत उभं राहून तीन पदार्थ स्वतः तयार केलेस, तर लक्ष्मणराव सर तुझ्या जर्नलवर सही करतील आणि बारा तारखेला तुला प्रॅक्टिकलला बसता येईल. नाही आलीस तर बी.एस्सी.ची सगळी वर्षं पाण्यात. बदलीमुळं गेलेल्यांना कॉलेजनं हजेरीची सूट दिलीय. जर्नलची मात्र कुणालाच नाही.

हे इथवर आलं त्यात माझाही हात आहे, तेव्हा कबूल करून टाकते. नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तुझ्या बाबांना परभणीच्या कचेरीत हजर व्हायचा हुकूम आला आणि आठवड्याभरात तुमचं बिऱ्हाड हललं. त्या धांदलीत तुझं जर्नल आपल्या टेबलाच्या खणातच राहिलं. संश्लेषण आणि उत्प्रेरक हा खास विषय घेतलेल्या मुली अख्ख्या कॉलेजात आपण दोघीच. तू गेल्यावर त्या लांबलचक टेबलापाशी मी एकटी. आपले शिपाई मस्तानमियाँ सवयीनं दोन बर्नर पेटवायचे, मग जीभ चावून एक बंद करायचे. मला ते बघवेना. एके दिवशी मी तुझं जर्नल काढलं आणि माझा प्रयोग झाल्यावर तोच तुझ्या वहीतही लिहून टाकला. तुझी अक्षरं उजवीकडं कलतात, तशी कलवून. असे तीन पदार्थ झाले. मला वाटलं, केवढी मी हुशार!

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जानेवारीअखेर सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी ठेवून उघडली. ऍसिटॅनिलाइड माझं एकशे साडेतेरा अंशाला वितळलं, तुझंही एकशे साडेतेराला. एरंडेलाचं मेण माझं साडेचौऱ्याऐंशीला, तुझंही तिथंच. तिसऱ्याचं वजनसुद्धा दशांशापर्यंत एकच. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या त्या तेलुगू वळणाच्या दखनीत म्हणाले, "दो बच्चियाँ, तीन चीजां, और एक आकडा भी इधर का उधर नै?" इंदू, मी सगळं खोटं लिहू शकले, पण आकडा खोटा लिहायला हात धजेना. काट्यावर दिसेल तोच लिहायचा, मनचा घालायचा नाही, हे सरांनी पहिल्या दिवशी असं काही डोक्यात भरवलंय की चोरी करतानाही मी ते पाळलं!

ते ओरडले नाहीत. तुझ्या जर्नलातल्या त्या सगळ्या पानांवर लाल रेघ मारली, माझे दहा गुण कापले. मग म्हणाले, इंदू काम करायला येईल तर मी सुट्टीतही प्रयोगशाळा उघडतो. तिचं डोकं तुझ्यापेक्षा थंड आहे. खरं सांगते, हे ऐकून जरा झोंबलं. पण खोटं काय त्यात? निकेलचा कागद आठवतो ना? तू इथं असताना शेंगदाण्याच्या तेलात हायड्रोजन सोडून झाला, मी निकेल गाळलं आणि गाळणकागद तसाच टोपलीत टाकला. तो वाळला मात्र, भप्पकन पेटला. मस्तानमियाँ ओरडले, "गीला रखो बोले थे ना, अम्मा!" मी स्टुलावर चढून किंचाळत होते. तू शांतपणे टोपलीवर वाळूची बादली उपडी केलीस, घड्याळाकडं पाहिलंस आणि जर्नलात लिहिलंस: अकरा चाळीस, कागद पेटला. आग लागल्याची वेळ टिपून ठेवणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

बाकी इकडं आमच्या गल्लीतली चार मराठी घरं रिकामी झालीत. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडला. आम्ही इथंच राहणार, दादाची नोकरी इथलीच आहे. आईनं तुझ्यासाठी आतली खोली सारवल्यासारखी लख्ख करून ठेवलीय आणि तुझ्या आवडीची चिंचेची चटणीही केलीय. मी बोट लावलं तर ओरडते. मला तुझी फार आठवण येते गं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आता पुढचं तुझ्या बाबांसाठी, भगवंतरावकाकांसाठी. काका, हे पत्र आधी तुम्हीच फोडलं असणार. घरातली पत्रं कर्त्या माणसानं आधी वाचायची ही आमच्याकडंही रीत आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण परवा आमचे शेजारी नामदेवराव परभणीहून आले. ते सांगत होते, इंदू विचारत होती, तारा मला विसरली का? तेव्हा मला कळलं की माझं एकही पत्र तिच्या हाती पडलेलं नाही. तिचं मन पुन्हा हैदराबादकडं ओढ घेईल म्हणून तुम्ही ती ठेवून घेतली असतील. तुमचा मला राग येत नाही, काका. नातेवाईक हसत होते तेव्हा तिला सायन्सला घालणारे तुम्हीच, आणि पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलेले एकमेव वडीलही तुम्हीच. म्हणून हे सगळं पत्र खरं तर तुम्हालाच लिहिलंय. तिच्यासाठी स्थळं बघता आहात हेही कळलं, खुशाल बघा. फक्त हे आठ दिवस तिला द्या. काचीगुड्याच्या गाडीत बसवून द्या, आई आणि दादा स्टेशनावर उभे असतील. आणि पाठवायचं नाही असं तुम्ही ठरवलंच असेल, तरी सही अडलीय हे तिला कळू द्या. ती आतच कुठंतरी असेल. तिला हाक मारा, काका.

तुझीच,
तारामती