चौथीचा डाकूंचा धडा

१४ जानेवारी, रविवार

फजिती! चौथीला समुद्री चाच्यांचा धडा घेतला. चित्रात डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट, पुढ्यात सोन्याची पेटी. मुलं खो खो हसायला लागली. "आपा, पोपट कशाला? ओरडून जागा दाखवेल ना!" "आपा, ह्याच्याकडे मोबाइल नाही?" सुंदरबनाच्या तोंडावर राहणाऱ्या पोरांना मी डाकू शिकवत होते! गावातल्या प्रत्येक घरातून कुणाला ना कुणाला डाकूंनी खंडणीसाठी नेलेलं.

झुमुर तेवढी हसली नाही. तास संपल्यावर टेबलाशी आली. "आपा, माझ्या अब्बांना नेलं त्या डाकूंकडे पोपट होता?"

नव्हता म्हटलं. मला काय माहीत! मी तेव्हा खुलन्याला कॉलेजात होते.

१५ जानेवारी

ठरवलं. पुस्तक बंद. खरे डाकू कसे जगायचे ते घरी विचारून लिहून आणा म्हटलं. कुठे झोपायचे? काय खायचे? कशाला भ्यायचे? आजारी पडले तर औषध कुठून यायचं? घरची आठवण आली तर काय करायचे?

हेडसर म्हणाले, "आपा, पोरांच्या घरांतून काय काय निघेल, विचार केलात?" मी म्हटलं, खरं तेच निघेल, सर. हे बोलताना मला स्वतःचं फारच कौतुक वाटत होतं.

१७ जानेवारी

बावीस वह्या. काय काय आहे त्यांत! डाकू झाडांच्या फांद्यांवर फळ्या टाकून झोपायचे. पावसाचं पाणी साठवून प्यायचे. वाघाला भ्यायचे, पोलिसांना त्याहून जास्त. एकाची दाढ दुखायची, मग तो सगळ्यांना शिव्या द्यायचा. एक जण बायकोला फोन करायला झाडावर चढायचा आणि नुसता रडायचा.

पण औषधाचा प्रश्न एकोणीस जणांनी कोरा सोडलाय! दोघांचं "माहीत नाही". शिउलीने काहीतरी लिहून इतकं खोडलंय की कागद फाटला. प्रश्न अवघड होता का? मला तर सोपा वाटला होता. माझ्या अब्बांना वह्या दाखवायला नेल्या. बाजारात त्यांचं औषधांचं दुकान, म्हटलं मजा वाटेल. उघडल्यासुद्धा नाहीत. "पोरांना पाढे शिकव," म्हणाले.

१८ जानेवारी, गुरुवार

मोतालेबकाकांना वर्गात बोलावलं. मुलांना आणणारी बॅटरीची व्हॅन तेच चालवतात. सहा वर्षांपूर्वी बंदूक टाकून शरण आलेले. तीन दिवस नाही म्हणत होते, आज धुतलेला शर्ट घालून आले.

"काका, जंगलात मजा यायची?"

"मजा? अंगभर खरूज यायची!"

मुलं खूश. मग झुमुर उभी राहिली. "सोबहान गाजी. वरचा एक दात अर्धा. पाहिलंत?"

काका फळ्याकडे बघत म्हणाले, "नाही गं, माय." मग पाणी मागितलं. अर्धं शर्टावर सांडलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

शाळेला सुट्टी. झुमुरच्या आईकडे, फुलजानकडे गेले. नवरा जंगलात गेला की तो परतेपर्यंत आमच्याकडच्या बायका केसांना तेल लावत नाहीत, मिरची परतत नाहीत. आठ दिवस, पंधरा दिवस. फुलजानला सात वर्षं झाली! केसांच्या जटा झाल्यात. सासर-माहेर दोघांनी समजावलं, दुसरं लग्न कर म्हणाले. ऐकत नाही.

"झुमुरने मोतालेबला विचारलं म्हणे. काय म्हणाला?"

"पाहिलं नाही म्हणाला."

"म्हणजे मेलेलासुद्धा पाहिला नाही!" असं म्हणून ती हसली. किती तरी दिवसांनी हसली असावी. मी चहा तसाच ठेवून उठले.

मी हे काय करून बसले?

२१ जानेवारी, रविवार

मोतालेबकाका शाळेमागे थांबले होते. एका दमात सांगितलं. सोबहानला पकडला आणि नवव्या दिवशी तो तापाने गेला. ह्यांनीच पुरला, भरतीचं पाणी पोचत नाही तिथे.

"औषध मागवलं होतं, आपा. तीनदा. आलं नाही."

"कोणाकडून?"

"होती माणसं किनाऱ्यावर." माझ्याकडे बघेनात. "तुम्ही शिकलेल्या. फुलजानला तुम्हीच सांगा." आणि व्हॅन घेऊन चक्क पळाले!

मी कसं सांगू? सांगितलं तर ती माझ्या तोंडून विधवा होणार. नाही सांगितलं तर म्हातारी होईपर्यंत वाट बघणार. तिची आशा मोडायचा मला काय अधिकार? आणि ती तशीच ठेवायचा तरी काय अधिकार? डोकं चालत नाही. रागही येतोय, त्या किनाऱ्यावरच्या माणसाचा. गोळ्यांचं एक पाकीट धाडता आलं नाही मेल्याला!

२२ जानेवारी

काही नाही. पाढे घेतले.

२३ जानेवारी

शिउलीला विचारलं, खोडलंस ते काय होतं गं? म्हणाली, "दादीने खोडायला लावलं. आपाला वाईट वाटेल म्हणाली."

मला का वाईट वाटेल??

दुपारभर तेच. घरी येऊन अब्बांना सगळं सांगून टाकलं. सोबहान, ताप, तीनदा मागवलेलं औषध. विचारलं, फुलजानला सांगू का? मला सल्ला हवा होता. खरंच तेवढाच हवा होता. अब्बांनी ताट पुढे सारलं. भात तसाच. "मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे," म्हणाले.

वेळ कशाला? मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

२४ जानेवारी

दुकान बंद. फुलजानच्या अंगणात अब्बा मातीत बसलेले. सगळा बाजार ज्यांना डाक्तरसाहेब म्हणतो ते माझे अब्बा! "औषधांचा डबा भरून ठेवला होता," तिला सांगत होते. "घाटावर पोलीस होते. मी भ्यालो."

फुलजान म्हणाली, "त्याच आठवड्यात मी दुकानात आले होते. झुमुरच्या खोकल्याचं औषध न्यायला. धीर धर, सोबहान येईल म्हणालात."

"हो."

"तेव्हा डबा कुठे होता?"

"गल्ल्याच्या फळीखाली," अब्बा म्हणाले. "तुझ्या पायाशी."