ओल म्हणजे किती पाणी

आगरदांडा, सोमवार, ३ सप्टेंबर १९५६
शुक्रवारी खाडीपलीकडे दिघीला शिक्षकांची सभा. मी ‘ओल’ या शब्दावर बोलणार. व्याख्या तयार: हाताला लागते पण डोळ्यांना दिसत नाही, ती ओल. पाणी दिसलं की ओल संपली.
मागच्या दोन सभा प्रकृतीमुळे हुकल्या. खाडीचा संबंध नाही. मी साताऱ्याचा, इतकंच. तिसरी चुकली तर नोकरी कायम होणार नाही, असं साहेबांचं पत्र.

मंगळवार
पाण्याची सवय करायला धक्क्यावर गेलो. वारा फार. लांबूनच पाहिलं. सवय झाली.

बुधवार
होडीवाल्या हरेश्वरला सहज विचारलं, होडी पक्की ना? म्हणाला, “पक्की हाय गुर्जी. तळाला वाईच ओल हाय, बस.” शब्द किती अचूक! निर्धास्त झालो.

गुरुवार
पोटात गोळा. भीतीचा नव्हे, सुकटीचा.

शुक्रवार, दुपारी. दिघी
जिवंत आहे.
अर्ध्या खाडीत पाणी घोट्याला लागलं. हे काय, विचारलं. “ओल.” पोटरीला लागलं. “ओलच हाय.” हरेश्वरची बहीण केसरबाई मासळीची पाटी घेऊन शेजारी. तिने हातात डबा दिला. “रडा, पन उपसा.” मी रडत नव्हतो, स्तोत्र म्हणत होतो.
मग मोठी लाट आली आणि हरेश्वरही देवाचं नाव घेऊ लागला. त्याचा चेहरा पाहिला. माझ्यासारखाच दिसत होता. त्यापुढे किती डबे उपसले, आठवत नाही.
सभेत भाषणाचा कागद पिळून ठेवला. तोंडीच सांगितलं: ओल म्हणजे गुडघ्याखालचं पाणी. साहेब हसले. दिघीचे शिक्षक हसले नाहीत.

शनिवार
नोकरी कायम झाली. आगरदांड्यालाच.
खाडीला वळसा घालून एसटीने परतायचा बेत. कंडक्टर म्हणतो, दोन दिवस लागतील, आणि वाटेत आणखी एक होडी.

रविवार, संध्याकाळ. दिघी
हरेश्वरने होडीच्या तळाचं भोक बुजवलं. केसरबाई म्हणाली, “चला गुर्जी, माझा हात धरा.” बसलो. हात घट्ट धरला, डोळे मिटले. होडी हेलकावे खाऊ लागली. एकदाही ओरडलो नाही. निम्मी खाडी नक्की झाली असणार, अशा अंदाजाने धीर करून विचारलं, किती राहिलं?
“हात सोडा, म्हंजे दोर सोडता येल.”
सोडला. उतरलो.
दिघी गाव तसं चांगलं आहे. शाळाही आहे. बदलीचा अर्ज लिहायला घेतलाय.