काशीबाईंनी दोनदा सांगितलं

५ फेब्रुवारी २००३, बुधवार

काशीबाईंची फाइल गेली.

म्हणजे नाव आहे. उघडली तर आत पुतळाबाई! वर काशीबाईंचं नाव आणि खाली सगळं पुतळाबाईंचं — कोळीवाड्यातलं घर, नवरा कधी वारला, मुलांची नावं. दोनदा बंद करून पुन्हा उघडली. जशी काही मधल्या वेळात कोणी नीट करून ठेवणार होतं.

कसं झालं ते लगेच कळलं. शुक्रवारी पुतळाबाईंचा वारसाचा अर्ज करायचा होता. नवा फॉर्म कोण भरत बसतो? काशीबाईंची फाइल उघडली, मथळे तसेच ठेवले, आतलं पुसलं, नवं भरलं. नेहमी असंच करते. शेवटी फक्त दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं. प्रिंट काढली, पुतळाबाई सही करून गेल्या, तेवढ्यात वकीलसाहेबांनी आतून हाक मारली. मशीनने विचारलं — बदल ठेवायचे का? मी 'हो' दाबलं आणि उठले.

बस. एवढंच.

कागदावर काहीच नाही. काशीबाई बोलत होत्या तसं मी सरळ टाइप करत गेले होते. साहेब म्हणाले होते, पक्कं झालं की एकदाच प्रिंट काढू.

आज त्यांनी विचारलंच. "नलू, काशीबाईंचं काढ. सोमवारी जाहीर नोटीस पेपरात गेली पाहिजे."

म्हटलं, प्रिंटर अडकलाय. तळपदे साहेबांशी खोटं बोलले!

६ फेब्रुवारी

शनिवारच्या फ्लॉपीवर असेल म्हणून केवढ्या आशेने लवकर गेले. फ्लॉपीवरही पुतळाबाई. शनिवारी मीच कॉपी केली ना, जुन्यावर नवी.

सॉफ्टवेअर आपणहून प्रत ठेवायचं, दर थोड्या वेळाने. मशीन अडखळतं म्हणून ती सोय मीच जानेवारीत बंद केली. कॉम्प्युटरवाल्या रघूने बसवताना बजावलं होतं, "नलूताई, याला हात लावू नका." त्याला फोन करायला नको. ऐकवेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवतं का बघू, म्हणून बसले.

काशीबाई, घोडपदेव. नवरा दत्ताराम, मिलमध्ये साचेखात्यात, मागावर. मूळ देवगडकडचा. ब्याऐंशीच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातून गेला तो गेलाच. मुलगी सुमती तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर आलेली. आता चाळ पाडून टॉवर होणार आहे. खोली अजून त्याच्याच नावावर. बिल्डरचे लोक म्हणतात, त्याला तरी आणा, नाहीतर तो नाही असा कोर्टाचा कागद आणा. इतकी वर्षं कोणाला काही कळलं नसेल तर कोर्ट माणूस मेला असं जाहीर करतं. त्याआधी साहेब पेपरात नोटीस देतात.

हे सगळं मला पाठ आहे. पण हा तर नुसता सांगाडा! त्यांनी कुठे कुठे शोधलं, कोणाकोणाला विचारलं, कधी कोण काय म्हणालं, ते? कोर्ट तेच विचारणार — बाई, शोध काय घेतलात? भिवंडीला दोनदा गेल्या होत्या की तीनदा? युनियनच्या ऑफिसात कोणाला भेटल्या? अंगावर कुठली खूण सांगितली — डाव्या दंडावर की उजव्या?

डब्याचं मात्र शब्दन् शब्द आठवतं. साहेब म्हणाले होते, हे घरगुती आहे, दाव्यात नको. तरी मी ठेवलं होतं.

संप सुरू झाला तरी दत्ताराम रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. गेटवर जाऊन बसायचा, दुपारी तिथेच जेवायचा, भोंग्याच्या वेळेला घरी. पहिल्या वर्षी काशीबाईंनी भरून दिला. मग घरात काही उरलं नाही. एका सकाळी त्यांनी रिकामा डबा त्याच्या हातात दिला. "म्हटलंय, ह्यो घे, जा कामाक." त्याने डबा खाली ठेवला, चपला घातल्या.

"माका वाटला, गेटार जातलो नि येतलो."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मशीनकडे बघत होत्या. लिहिलं गेलं ना, एवढंच बघत होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना सांगितलं. आमचे अण्णाही मिलमधलेच, स्पिनिंगचे. ते कुठे गेले नाहीत. संपात घरीच बसून राहिले, लालबागच्या ह्याच गॅलरीत. वडिलांचा पगार थांबला, मी कॉलेज सोडून टायपिंगच्या क्लासला गेले ती तेव्हाच. कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी नकोही म्हटलं नाही.

अण्णांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "ती बाई एकदा बोलली. आता परत बोलायला लावणार तू तिला?"

मी आमटी गरम करायला उठले.

१० फेब्रुवारी

साहेबांना सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला फक्त. "होतं असं. त्यांना परत बोलावून घे. एका बैठकीत होईल."

"रघूला विचारू का? काही निघालं तर—"

"तो गावी जातो, मग येतो, मग आपण बसा वाट बघत. बाई घोडपदेवला आहेत. बोलाव."

मलाही तेच सोयीचं वाटलं. रघूपुढे मान खाली घालायला नको.

आज सोमवार. नोटीस गेली नाही, अर्थात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काशीबाई आल्या. सोबत सुमती. आता बावीस-तेवीसची आहे, गारमेंटच्या कंपनीत जाते, आजचा खाडा करून आली होती. आईला जिना चढवताना मागून हात लावत होती.

मी हात जोडले. "मावशी, चूक माझी. मशीनमधून गेलं सगळं."

त्यांना आधी कळलंच नाही. "गेला? खय गेला?"

"पुसलं गेलं."

"मी सांगलेला? सगळा?"

सुमती म्हणाली, "आई, परत सांग ना. एवढं काय त्यात?"

"एवढा काय!" काशीबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या. बस, तेवढंच. मग सांगायला लागल्या. पण ते सांगणं नव्हतंच. मी विचारणार, त्या 'होय', 'नाय', 'माका आठवणा नाय'. मागच्या वेळी भिवंडीच्या यंत्रमागांच्या शेडींमधून उन्हात फिरल्या तेव्हा सुमती कडेवर कशी रडत होती तेसुद्धा सांगितलं होतं. आज म्हणाल्या, "गेललंय. गावलो नाय."

शेवटचं कधी पाहिलं, काय बोलणं झालं, असं विचारलं. मला दाव्यासाठी तारीखच हवी होती. पण बोलण्याचंही विचारलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "एकदा सांगलंय बाय. परत कित्याक काढूक लावतंस?"

कपाळावर घाम आला होता. पंखा मोठा केला, पाणी दिलं. अर्ध्यावरच थांबवलं. उरलेलं पुढच्या बुधवारी करू म्हटलं. जिना उतरताना त्या दोनदा बसल्या.

१७ फेब्रुवारी

सुमतीचा फोन. काशीबाईंना काल पहाटे झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

२० फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. दोन मोसंबी आणि एक पेला घेऊन गेले — पेला का नेला कोण जाणे!

त्यांनी मला ओळखलं. डोळे माझ्यावरून हटवले नाहीत. ओठ हलतात, आवाज येतो, शब्द होत नाही. सुमती कान जवळ नेते आणि अंदाजाने बोलते, "पाणी? उशी? खिडकी?" त्या मान हलवत राहतात. नाही, नाही, नाही.

मी बाहेर येऊन म्हटलं, "त्या दिवशी मी बोलावलं म्हणून—"

सुमती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात बीपी होतं. गोळ्या घेतच नव्हती." मग, माझ्याकडे न बघता, "पण त्या दिवसापासून ती झोपली नव्हती, ताई."

दोष दिला नाही तिने. झालं ते सांगितलं.

२१ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही.

४ मार्च, मंगळवार

आज रघू आला. शेवटी मीच फोन केला. सुमतीला बापाचं तोंडही आठवत नाही, बिल्डरची माणसं चाळीत खेपा घालतायत, आणि दाव्यात लिहायला आमच्याकडे अर्धं पान.

सगळं सांगितलं, बंद केलेल्या सोयीसकट. ऐकवेल म्हणून जय्यत तयारी ठेवली होती. त्याने काही ऐकवलं नाही. खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, "बंद कधी केलंत? काशीबाईंचं झाल्यावर की आधी?"

"झाल्यावर. त्यांचं शेवटचं टाइप केलं, त्यानंतर."

"मग आहे ना."

"काय आहे?"

"अहो, सोय बंद केली म्हणून आधीच्या प्रती कुठे जातील? पुढच्या व्हायच्या बंद होतात. झालेल्या तशाच पडून असतात." आणि त्याने मी जन्मात न पाहिलेला एक फोल्डर उघडला. आत नुसते आकडे, नाव एकालाही नाही. तारीख बघून त्याने एक उघडली.

सगळा कचरा. इंग्रजी अक्षरं, आकडे, उलटे कंस, प्रश्नचिन्हं. माझा जीव गेला.

"कचरा नाही हो ताई. फॉन्ट लागला नाहीये, बाकी काही नाही." सगळं निवडलं, आमचा मराठी फॉन्ट लावला.

आणि काशीबाई बोलायला लागल्या.

सगळं होतं. भिवंडीला तीनदा. डावा दंड, भाजल्याची खूण. युनियनच्या ऑफिसातला माणूस, गावच्या दिराला केलेली तार. कडेवरची सुमती. रिकामा डबा. आणि अगदी शेवटी एक ओळ, जी मी साफ विसरले होते — "आता जरी दारात इलो तरी आधी जेवाक वाढीन. इचारीन मगे."

चहा पिऊन होईपर्यंत काम संपलं होतं त्याचं. बॅग भरताना सहज म्हणाला, "पहिल्याच दिवशी बोलवायचंत ना. मी गावी बिवी कुठे नव्हतो. इथे ग्रँट रोडलाच तर होतो."

तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

११ मार्च, मंगळवार

काशीबाई घरी आल्यात. नोटिशीचा मजकूर आणि त्यांचं सांगणं वाचून दाखवून अंगठा घ्यायचा होता. घोडपदेवला गेले. खोली म्हणजे काय — एक पलंग, एक मोरी. शेजारच्या बायका दारात उभ्या, त्यांना सुमतीने बाहेर काढलं.

मी मोठ्याने वाचलं. प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचारलं, बरोबर? त्या डोळे मिटून उघडायच्या. डब्यापाशी आले. साहेबांनी कागदावर खूण केली होती, हे वाचू नको, दाव्यात घेणार नाही आपण. तरी वाचलं.

काशीबाईंनी डावा हात उचलला आणि कागदावर ठेवला. ठेवला तो तसाच. मला पुढे वाचता येईना. हात बाजूला करायचा धीर होईना. सुमती म्हणाली, "ताई, हे मला माहीतच नव्हतं." आणि ती पलंगाच्या कडेला बसली, आईच्या पायांशी.

डाव्या हाताचा अंगठा घेतला.

त्यांच्या तोंडून काहीतरी आलं. सुमतीला कळलं नाही. मला तर नाहीच.

१८ मार्च

नोटीस आली पेपरात. आठव्या पानावर, फ्लॅटच्या जाहिरातींच्या खाली. 'श्री. दत्ताराम यांस कळविण्यात येते की' — नाव, गाव, मिल, खूण. कोणास ठावठिकाणा माहीत असल्यास या पत्त्यावर कळवावे. काशीबाईंची ती शेवटची ओळ घालू का, म्हणून साहेबांना विचारलं होतं. म्हणाले, "नोटीस आहे नलू, पत्र नव्हे."

बरोबरच आहे त्यांचं.

अण्णांनी भिंग लावून वाचली. "फेब्रुवारीत यायची होती ना ही?" म्हणाले. हो म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

कोणी आलं नाही. साहेब म्हणतात, कधीच कोणी येत नाही, उपचार असतो तो. दावा तयार झालाय. आज टाइप केला, इंग्रजीतून — दत्ताराम यांस मृत घोषित करावे. सेव्ह केला. फ्लॉपीवर केला. दुसऱ्या फ्लॉपीवर केला. प्रिंट काढली. मग पुन्हा उघडून बघितला, तोच आहे ना.

आहे.

एवढी काळजी मला आधीही घेता येत होती. काही कठीण नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

दुपारी साहेब कोर्टात होते. दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढरा लेंगा, हातात घडी केलेला पेपर. इचलकरंजीहून आला होता, रात्रभर एस.टी.ने. पेपर माझ्यापुढे ठेवला, आठवं पान, आणि म्हणाला, "ह्या नाव माजा."

पाणी दिलं. प्यायला नाही. काशीबाई आहेत, घोडपदेवलाच आहेत, त्याच खोलीत, म्हणून सांगितलं. त्याने पेपरची पुन्हा घडी घातली. मग विचारलं,

"ती माज्याशी बोलतली मां?"